‘आजच्या मुलांना संगणक शिकवायची गरजच नाही’ म्हणणाऱ्यांना

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला चार गटांवर आला, त्यातला एक आमच्याच शाळेच्या पालकांचा. मजकूर थोडक्यात असा: आजची मुलं जन्मतःच डिजिटल आहेत, ती सगळं आपोआप शिकतात. आता एआय प्रोग्रामही लिहून देतं, मग कोडिंग कशाला? त्यापेक्षा तो तास गणित-मराठीला द्या. आणि खेड्यातल्या शाळांत धड संगणक तरी कुठे आहेत?

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि संगणकाचे तासही घेते. संदेश लिहिणाऱ्याची कळकळ मला कळते. पण तो ऐकून शाळांनी खरंच हा तास गुंडाळला तर नुकसान मुलांचं आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘जन्मतःच डिजिटल’. ही कल्पना मार्क प्रेन्स्की या अमेरिकी लेखकाच्या २००१ सालच्या लेखातून जगभर पसरली. ऐकायला पटते, वर्गात टिकत नाही. माझी एक विद्यार्थिनी दोन मिनिटांत रील कापून, गाणं जोडून तयार करते. दहावीनंतर अकरावीचा अर्ज भरायची वेळ आली. गुणपत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर होता, पण फोनमध्ये तो कुठे साठवलेला असतो हे तिला माहीत नव्हतं. फाईल ‘इतक्या केबीच्या आत’ म्हणजे काय, तेही नाही. शेवटी नेट कॅफेत गेली. तिथल्या मुलाने लॉगिन काढून दिलं, पासवर्ड स्वतःच ठरवला आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवला. पुढे पसंतीक्रम बदलायचा होता, तेव्हा दुकान बंद. मी विचारलं, “अगं, पासवर्ड काय आहे तुझा?” ती म्हणाली, “बाई, तो नेटवाल्या दादांकडे आहे.”

अशा मुली मला दरवर्षी भेटतात. हुशार असतात, पण त्यांच्या नावाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते.

हे आमच्या गावापुरतंही नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना स्मार्टफोनबद्दल विचारलं होतं. ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमं पाहिली होती, अभ्यासासाठी फोन वापरणारी ५७ टक्के. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी आपलं खातं खासगी कसं करायचं हे जेमतेम ५५ टक्क्यांना ठाऊक होतं. श्रीमंत देशांतही चित्र फार निराळं नाही. आयसीआयएलएस ही आठवीच्या मुलांची संगणक आणि माहिती वापरण्याच्या कौशल्याची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. २०२३ साली तीसहून अधिक देश तीत होते, त्यांत युरोपातले बरेच. सरासरी ४३ टक्के मुलं तिची दुसरी पातळीही, म्हणजे माहितीसाठी संगणकाचा साधा वापर, गाठू शकली नाहीत. ही मुलंही फोन हातात घेऊनच वाढलेली.

‘मुलं आपोआप शिकतात’. याला आधार म्हणून दिल्लीच्या कालकाजीतला प्रयोग सांगितला जातो. १९९९ मध्ये सुगाता मित्रांनी तिथे भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुलं कुणी न शिकवता तो चालवू लागली. प्रयोग मोलाचाच होता. मुलं धाडसी असतात, एकमेकांचं बघून झरझर शिकतात, हे त्याने दाखवलं. पण चालवायला शिकणं वेगळं आणि पडद्यापलीकडून कोण, काय हेतूने बोलतंय हे ओळखणं वेगळं.

आठवीच्या वर्गात मी एकदा विचारलं, “कुणी आपल्याला यूपीआयने पैसे पाठवले, तर ते घेताना पिन टाकावा लागतो का?” निम्म्याहून जास्त हात वर. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फसवणाऱ्यांचा एक मोठा धंदा या एका गैरसमजावर चालतो. आणि याच मुलांच्या हाती घरातली आजी फोन देऊन म्हणते, “बघ रे, काय आलंय.” फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करायचा, हे त्या वर्गात दोघांनाच माहीत होतं. हे आपोआप कळायचं असतं तर एव्हाना कळलं असतं.

‘एआय आहे, मग कोडिंग कशाला’. सगळ्या मुलांनी प्रोग्रामर व्हावं असं मीही म्हणत नाही. पण काम पायऱ्यापायऱ्यांनी मांडणं आणि बिघडलं तर नेमकी कुठली पायरी चुकली हे हुडकणं, ही सवय कोडिंगने लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आणलं, त्यात अर्थ आहे. उलट एआयमुळे तपासून पाहण्याची गरज वाढली. आम्ही वर्गात एआयला आमच्या गावच्या यात्रेची माहिती विचारली. उत्तर झोकदार मराठीत आलं, आणि देव दुसऱ्याच गावचा! मुलं खो-खो हसली, कारण खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. जिथे ठाऊक नसतं तिथे काय करायचं, हे त्याच तासाला शिकवता आलं.

‘तास गणित-मराठीला द्या’. इथे मला एक गोष्ट मान्य करावीच लागेल. अनेक शाळांत हा तास जसा होतो, तो वायाच जातो. सीपीयूची व्याख्या पाठ करा, पेंटमध्ये फूल काढा, प्रयोगशाळेला कुलूप. पण याचा इलाज तास बंद करणं नव्हे. इंग्लंडमध्ये हीच तक्रार होती. रॉयल सोसायटी या तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने २०१२ साली त्यावर अहवाल काढला आणि २०१४ पासून जुना आयसीटी (माहिती-तंत्रज्ञान) विषय जाऊन ‘कॉम्प्युटिंग’ आला. म्हणजे विषय काढला नाही, बदलला. आपल्याकडे २००१ पासून लाखो लोक नोकरीसाठी पैसे भरून एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स करत आले. शाळेत न मिळालेलं त्यांना बाहेर विकत घ्यावं लागलं. ज्याच्या घरी पैसे नाहीत त्याने कुठे जायचं? गणित-मराठीशी या विषयाचं भांडणही नाही, ते पुढे सांगते.

‘संगणकच नाहीत’. हे खरं आहे आणि लाजिरवाणं आहे. यूडायस या शाळांच्या सरकारी नोंदींच्या २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ५७ टक्के शाळांतच चालू स्थितीतले संगणक होते. ते मागायलाच हवेत, ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत. पण तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांचे सहकारी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ कितीतरी वर्षं करत आले आहेत. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम २०१६ पासून त्याच धर्तीवर काम करतो आहे.

मी जुन्या लग्नपत्रिका कापून ३६ पत्ते केलेत. एक बाजू गुलाबी रंगवलेली, दुसरी कोरी. मुलांनी २५ पत्ते मनाला येतील तसे पाच-पाचच्या ओळींत मांडायचे. मी “जरा मोठं करूया” म्हणत आणखी एक ओळ आणि एक स्तंभ जोडते. मग पाठ फिरवते, कुणीतरी एक पत्ता उलटतं, आणि मी वळून नेमका तोच उचलते. वर्गात गलका होतो. दोन-तीन वेळा झाल्यावर कुणीतरी ओरडतं, “बाई, तुम्ही सम करताय!” बरोबर. मी जोडलेल्या पत्त्यांनी प्रत्येक ओळीत आणि स्तंभात गुलाबी पत्ते सम होतात. एक उलटला की एक ओळ आणि एक स्तंभ विषम. दोन्ही जिथे छेदतात तिथे चोर.

मग मी सांगते, चूक पकडायची अशीच युक्ती आधार क्रमांकातही असते. त्याचा बारावा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला असतो. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट पडले, तर यंत्राला लगेच कळतं. त्या दिवशी सम-विषम, छेद आणि ‘हे का घडलं ते पाच वाक्यांत लिहा’, असं सगळं एकाच तासात होतं. गणितही झालं, मराठीही झालं, आणि वीज गेलेली होती.

आमच्या पालकांना एवढंच सांगणं आहे: घरात जुन्या लग्नपत्रिका पडून असतील, तर मुलांबरोबर शाळेत पाठवा. आठवी ‘ब’साठी आणखी एक जुडगा लागणार आहे.