‘कष्टाने वर येण्याचे दिवस गेले’ म्हणणाऱ्यांना उत्तर

अमेरिकेतल्या स्थलांतरितांबद्दल एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचा सारांश असा: पूर्वी खिशात आठ डॉलर घेऊन उतरलेला माणूस दहा वर्षांत घर-गाडी करायचा. आता निम्मीच मुलं आईबापांपेक्षा जास्त कमावतात, शिकलेले डॉक्टर टॅक्सी चालवतात, ग्रीन कार्डच्या रांगेत आयुष्य जातं, म्हणून कष्टाने वर येणं संपलं. यातली बरीच वाक्यं सुटी घेतली तर खरी आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

‘पूर्वी आठ डॉलरवर लोक उभे राहिले’

आठ डॉलर खरेच. साठच्या दशकात भारतात परकीय चलनाचा खडखडाट होता आणि परदेशी निघालेल्याला तेवढेच मिळायचे. पण त्या माणसाजवळ बहुधा एमबीबीएसची किंवा इंजिनिअरिंगची पदवी, नाहीतर विद्यापीठाचं पाठ्यवेतनाचं पत्र असायचं. बाकीच्यांना दार उघडं नव्हतंच. १९२४ च्या कायद्याने आशियातून येणं जवळजवळ बंद केलं होतं. १९४६ साली भारताला कोटा मिळाला तोही वर्षाला १०० माणसांचा. १९६५ च्या कायद्याने दार उघडलं तेव्हा कुटुंबीयांच्या जोडीला उच्चशिक्षित व्यावसायिकांना प्राधान्य दिलं. पुढच्याच वर्षी मेडिकेअर ही वृद्धांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना सुरू झाली आणि डॉक्टरांची मागणी वाढली. म्हणजे आठ डॉलरवाले आधीच चाळणीतून निवडून आलेले होते. रिकाम्या खिशावरून त्यांना गरीब ठरवणं हा हिशेबच चुकीचा.

त्याआधीच्या युरोपीय लाटेचीही हीच गत. रॅन अब्रामित्स्की आणि लिया बूस्तान या अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या जनगणनेच्या नोंदींमधली तीच माणसं दशकादशकाने शोधून काढली. जे खालच्या पायरीवर सुरू झाले, ते एका पिढीत स्थानिकांच्या बरोबरीला आले नाहीत. ‘दहा वर्षांत घर-गाडी’ हा नियम शंभर वर्षांपूर्वीही नव्हता.

‘निम्मीच मुलं आईबापांच्या पुढे जातात’

हा आकडा अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातला. १९४० साली जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के आईबापांपेक्षा जास्त कमवू लागले. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आलं. आकडा बरोबर आहे, पण तो अमेरिकेत जन्मलेल्या सगळ्याच मुलांचा आहे. स्थलांतरितांच्या घरातलं मूल किती वर चढतं, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही.

तो प्रश्न अब्रामित्स्की, बूस्तान आणि सहकाऱ्यांनी २०२१ च्या अभ्यासात विचारला. एकाच उत्पन्नगटातले दोन बाप घ्या, एक बाहेरून आलेला, एक तिथेच जन्मलेला. स्थलांतरिताची मुलं सरासरीने वरच्या पायरीवर पोचतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे खरं होतं आणि १९८० च्या आसपास जन्मलेल्या पिढीतही आहे. तेव्हाची मुलं युरोपीय घरांतली, आताची लॅटिन अमेरिकेतली आणि आशियातली, तरी चढण जवळजवळ सारखी. काही कॅरिबियन देशांतून आलेल्यांचे मुलगे याला अपवाद आहेत, आणि तो अपवाद दडवू नये.

याची कारणं दोन, आणि दोन्ही रोखठोक आहेत. एक, स्थलांतरिताची मुळं कुठल्या गावात रुजलेली नसतात. काम आणि बरी शाळा असेल तिथे तो बिऱ्हाड हलवतो. दुसरं, बापाचं तिथलं उत्पन्न त्याच्या कुवतीपेक्षा कमी असतं. गोदामात खोकी उचलणारा अकाउंटंट कागदोपत्री गरीब असतो, पण मुलाचं गणित तोच घेतो.

‘डॉक्टर टॅक्सी चालवतात’

काही चालवतात. पण ‘कष्टाला किंमत नाही’ म्हणून नव्हे. परवान्याची वाट लांब असते आणि तिच्यातली वळणं आधी माहीत नसतात म्हणून. ही वाट धंद्याधंद्याप्रमाणे इतकी वेगळी आहे की सगळ्यांना एका ओळीत कोंबणं हीच या मजकुराची मोठी चूक.

सॉफ्टवेअरवाल्याला परवाना लागतच नाही. मेकॅनिकल इंजिनिअरलाही कंपनीतल्या बहुतेक नोकऱ्यांत लागत नाही. नकाशावर सही-शिक्का मारायचा असेल तरच लागतो, म्हणजे मुख्यतः सिव्हिलवाल्यांना. नर्सची वाट त्यातल्या त्यात सरळ: शिक्षणाचं मूल्यमापन, बहुतेक ठिकाणी इंग्रजीची परीक्षा, मग एनक्लेक्स-आरएन ही नर्सिंगची परवाना-परीक्षा, मग राज्याच्या बोर्डाचा परवाना. अडतं कुठे, तर मायदेशातल्या कॉलेजकडून थेट जाणाऱ्या कागदांवर. कॉलेज लिफाफा पाठवत नाही आणि फाइल महिनोन्‌महिने ‘अपूर्ण’ पडून राहते. देश सोडण्याआधीच हे काम उरकावं.

डॉक्टरांचं अवघड आहे, हे कबूलच. यूएसएमएलई या परवाना-परीक्षा, परदेशी पदवी तपासणाऱ्या ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र, आणि मग बहुतेक ठिकाणी पुन्हा किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, मायदेशी वीस वर्षं दवाखाना चालवला असला तरी. खरी कोंडी रेसिडेन्सीची जागा मिळवण्यात आहे. पास होऊन बरीच वर्षं उलटलेल्यांचे अर्ज अनेक रुग्णालयं उघडतही नाहीत. यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचा, म्हणजे स्टेप १ चा, निकाल २०२२ पासून नुसता उत्तीर्ण-अनुत्तीर्ण झाला, त्यामुळे सगळा भार स्टेप २ च्या गुणांवर आला. पोटासाठी टॅक्सी धरली की अभ्यास मागे पडतो, वर्षं वाढतात आणि जागा आणखी दुरावते.

आणखी एक फटका तीन वर्षांच्या बी.एस्सी., बी.कॉम.ला बसतो. नुसती ती पदवी बहुतेक वेळा चार वर्षांच्या अमेरिकी पदवीच्या तोडीची धरली जात नाही. शिवाय मूल्यमापन करून घेताना विषयवार अहवाल मागायचा. नुसता ‘पदवी अमुकच्या समकक्ष’ असा एकपानी कागद परवाना देणारं बोर्ड बहुधा परत पाठवतं आणि पैसे दुसऱ्यांदा भरावे लागतात.

‘ग्रीन कार्डच्या रांगेत बढतीही घेता येत नाही’

रांग खरी आहे आणि अन्यायाचीही आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यातच बायकामुलं मोजलेली, आणि एका देशाला ढोबळमानाने ७ टक्क्यांची मर्यादा. भारतीयांची रांग त्यामुळे तुंबते. याबद्दल चीड येणं रास्तच.

पण बढतीचं म्हणणं अर्धवट आहे. कामाचं स्वरूप बदलणारी बढती घेतली तर पर्म (कामगार खात्याची मंजुरी) आणि आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज) पुन्हा करावे लागतात. मात्र पहिला आय-१४० मंजूर झालेला असेल तर जुनी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, सहसा टिकते. नोकरी बदलली तरीही. मंजुरीला १८० दिवस झाल्यावर जुन्या कंपनीने तो मागे घेतला, तरी एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सहा वर्षांच्या मर्यादेपुढे वाढवायला तो चालतो. घात होतो तो मंजुरीच्या आधी. कंपनी ‘बघू, करू’ म्हणत पर्म पाचव्या वर्षापर्यंत लांबवते, मध्येच नोकरी जाते, दुसरी नोकरी शोधायला हातात फार तर ६० दिवस उरतात आणि तारीख नावावर चढलेलीच नसते. म्हणून रुजू होतानाच पर्म कधी सुरू होणार हे लेखी घ्यावं आणि आय-१४० च्या मंजुरीची प्रत, निदान पावती क्रमांक, स्वतःजवळ ठेवावा. नोटीस कंपनीकडे जाते. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

मुलांचं २१ वं वर्ष हे मात्र या रांगेतलं खरं दुखणं. २१ पूर्ण झालं की मूल आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतं. आय-१४० प्रलंबित होता तेवढेच दिवस मुलाच्या वयातून वजा होतात, रांगेत उभं राहिल्याचे नाहीत.

‘बँक दारातही उभी करत नाही’

नव्याने आलेल्याच्या नावावर कर्जफेडीची नोंदच नसते, म्हणून बँक नाही म्हणते. हे काही महिन्यांत सुटतं. दोन-तीनशे डॉलरची ठेव ठेवून सिक्युअर्ड कार्ड (ठेवीच्या तारणावरचं क्रेडिट कार्ड) घ्यायचं, बिल निघायच्या तारखेला बाकी मर्यादेच्या ३० टक्क्यांखाली ठेवायची, बिल पूर्ण भरायचं. खातं सहा महिन्यांचं झालं की फायको स्कोअर, म्हणजे बँका बघतात ती कर्जफेडीची पत, तयार होऊ शकतो. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर काही बँका आयटीआयएनवरही (कर भरण्यासाठी मिळणाऱ्या क्रमांकावरही) कार्ड देतात.

‘वैध कागदपत्रं नसलेल्यांचं काय?’

या मजकुराचा हा एकच प्रश्न मला बिनतोड वाटतो, फक्त उत्तर उलटं आहे. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला आणि नंतरच्या अभ्यासांत त्यांचं वेतन वाढलेलं दिसलं. माणसं तीच होती आणि राबणंही तेच होतं. फरक इतकाच की आता ती मालकाला ‘दुसरीकडे जातो’ म्हणू शकत होती.