व्यावसायिक शरीरसौष्ठवपटूंच्या व्यायामक्रमाविषयी खुलासा

व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू एकाच सत्रात एका स्नायूगटासाठी वीस-पंचवीस सेट (न थांबता केलेल्या आवर्तनांचा एक संच म्हणजे एक सेट) मारतात, त्यामुळे तेवढे केल्याशिवाय कोणाचेही स्नायू वाढणार नाहीत, असा दावा सध्या फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे.

सेटची संख्या वाढवल्यास काही मर्यादेपर्यंत स्नायूंची वाढ अधिक होते, हे खरे आहे; मात्र प्रत्येक वाढीव सेटचा लाभ आधीच्यापेक्षा कमी होत जातो, आणि सर्वसाधारण व्यक्तीला प्रत्येक स्नायूगटासाठी आठवड्याला सुमारे १० ते २० सेट, तेही दोन सत्रांत विभागून, पुरेसे ठरतात. नवशिक्याला तर याहून कमी सेटमध्येही चांगली प्रगती साधता येते.

दाव्यात सोयीस्करपणे वगळलेली बाब म्हणजे औषधे. उच्च स्तरावरील शरीरसौष्ठवात अॅनाबॉलिक स्टेरॉइड या स्नायू वाढवणाऱ्या औषधांचा वापर सर्रास होतो, आणि या औषधांमुळे स्नायूंतील प्रथिननिर्मिती व व्यायामानंतरची स्नायूंची झीज भरून येणे या दोन्ही प्रक्रिया बदलतात. त्यात अनुकूल आनुवंशिकता, अनेक वर्षांचा सराव आणि व्यायामाभोवती आखलेली दिनचर्या यांची भर पडते. नोकरी सांभाळून सहा तास झोपणाऱ्याने या व्यावसायिकांची केवळ सेटची संख्या अनुसरली, तर सांधे व स्नायुबंध दुखावण्याचाच संभव अधिक. सवय नसताना एकाएकी अतिश्रम केल्यास स्नायुपेशी फुटून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ही अवस्था विरळ असली तरी गंभीर आहे.

शिवाय सर्वच विजेते असा व्यायाम करत नव्हते. १९९२ ते १९९७ अशी सलग सहा वर्षे मिस्टर ऑलिंपिया या शरीरसौष्ठवातील सर्वोच्च स्पर्धेचे विजेते ठरलेले डोरियन येट्स मोजक्याच, पण अत्यंत तीव्र सेटसाठी ओळखले जात.