बंदर आलं की सेझ आपोआप उभा राहतो?

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी झालं. तेव्हापासून एक दावा हिरिरीने पुढे पाठवला जातोय: ‘चीनने शेन्झेनला बंदर दिलं म्हणून शेन्झेन घडलं, आता पालघरलाही बंदराच्या जोरावर सेझ आपोआप उभा राहील.’

सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र: करसवलती देऊन निर्यातीच्या उद्योगांसाठी आखलेला भाग. आधी शेन्झेनचं पाहू. 1980 साली चीनने शेन्झेन, झुहाय, शान्तोउ आणि शियामेन असे चार सेझ सुरू केले. चारही समुद्रकाठी. शान्तोउ तर 1860च्या दशकापासून परदेशी व्यापाराला खुलं असलेलं बंदर, तरी ते शेन्झेनच्या कितीतरी मागे राहिलं. शेन्झेनचं यान्तियान बंदर 1994च्या सुमारास सुरू झालं. त्याआधीच तिथे कारखाने दाटले होते आणि त्यांचा माल ट्रकने शेजारच्या हाँगकाँगला जात होता. म्हणजे बंदर हाताशी होतं हे खरं, पण त्याच हाँगकाँगहून भांडवल, ऑर्डरी आणि मुरलेले कारखानदारही येत होते. ते शान्तोउला तेवढं मिळालं नाही.

निर्यात म्हणजे जहाज, हेही अर्धंच खरं. अंधेरीचं सीप्झ हे निर्यात क्षेत्र 1973चं. आधी इलेक्ट्रॉनिक्स, पुढे हिरे-दागिने. हा माल सहार विमानतळावरून जातो. हिंजवडीच्या आयटी सेझचा माल तर तारेतून जातो. पोलाद, रसायनं, यंत्रं अशा जड मालाला मात्र बंदराची जवळीक लागतेच; तेवढं मला मान्य आहे.

‘आपोआप’ या शब्दाला मात्र माझा ठाम विरोध आहे, कारण उरणचा अनुभव. तिथलं न्हावा-शेवा बंदर 1989 पासून चालू आहे आणि 2010च्या सुमारास ते वर्षाला, वीस फुटी मापाने, 40 लाखांहून अधिक कंटेनर हाताळत होतं. सेझसाठी याहून चांगली जागा कुठली? तरी उरण-पेण परिसरातला रिलायन्सचा महामुंबई सेझ बारगळला. जानेवारी 1984 मध्ये सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भूसंपादनाविरुद्ध लढताना पाच शेतकरी हुतात्मा झाले होते. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून मिळाली. ती आठवण असलेल्या माणसांकडे पुन्हा जमीन मागितली गेली. शेकापच्या एन. डी. पाटलांसारखे नेते रस्त्यावर उतरले. 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातल्या, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारने जनमत घेतलं. भातशेतीला पाणी मिळणार असताना ती सोडायची कशाला? लोकांनी सेझ नाकारला.

शेजारच्या नवी मुंबई सेझची जमीन सिडकोच्या ताब्यात आधीच होती, म्हणजे हा अडसर नव्हता. तरी तो रखडला. 2011च्या अर्थसंकल्पाने सेझवर किमान पर्यायी कर (करसवलत असली तरी नफ्यावर भरावाच लागणारा कर) लावला आणि करसवलतीचं गणित देशभर विस्कटलं. 2018 मध्ये राज्याने त्या सेझचं एकात्मिक औद्योगिक क्षेत्रात, म्हणजे सेझ नसलेल्या साध्या औद्योगिक वसाहतीत, रूपांतर करायला वाट दिली. त्या सगळ्या काळात न्हावा-शेव्याला जहाजं रोज लागत होती.