रूट कॅनालमुळे कॅन्सर होत नाही

"कॅन्सरच्या ९७ टक्के रुग्णांनी रूट कॅनाल केलेलं असतं, म्हणून दात काढूनच टाका," असा मेसेज फिरतोय. या आकड्याला कोणत्याही अभ्यासाचा आधार नाही. मी दातांची डॉक्टर आहे. हा मेसेज वाचून लोक वाचवता येण्यासारखे दात काढायला येतात, तेव्हा जीव तुटतो.

ही भीती साधारण शंभर वर्षं जुनी आहे. वेस्टन प्राइस या अमेरिकन दंतवैद्याने उपचार केलेले दात सशांच्या कातडीखाली बसवले आणि दातातले जंतू शरीरभर रोग पसरवतात, असा निष्कर्ष काढला. पुढे काटेकोरपणे केलेल्या प्रयोगांत तो टिकला नाही.

रूट कॅनालमध्ये प्रत्यक्षात काय होतं? कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली की रात्री ठणका सुरू होतो. आम्ही भूल देतो, दाताभोवती रबराचा पडदा लावतो, सुईसारख्या बारीक फाइलने आतली सडलेली नस काढतो, औषधाने पोकळी धुतो आणि गट्टा-पर्चा हा रबरासारखा पदार्थ भरून ती बंद करतो. म्हणजे जंतूंचा अड्डाच साफ होतो. भूल नीट लागली की दुखत नाही. दुखलं तर हात वर करा, आम्ही थांबतो. नंतर दोन-चार दिवस चावताना ठसठसतं. सूज वाढली किंवा ताप आला तर लगेच या. दाढेवर बहुधा कॅप लागते, ती टाळू नका. क्वचित उपचार पुन्हा करावा लागतो, हेही खरं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.