गाऱ्हाणं आणि तक्रार एकच का? तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट दोनदा नीट वाचली, उत्तराला उशीर झाला त्याबद्दल सॉरी. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की गाऱ्हाणं आणि तक्रार यांत मी माझ्या लेखात उगाच फरक काढतोय, आणि कोकणात देवाला घालतात ते गाऱ्हाणं म्हणजे साधी प्रार्थना, तिचा 'गर्हा' म्हणजे निंदेशी संबंध लावणं ही ओढाताण आहे.

पहिला मुद्दा अर्धा मान्य. बोलताना आपण सगळेच एकाच्या जागी दुसरा शब्द वापरतो, आणि 'गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हेच' हे माझं वाक्य जास्तच झालं, ते बदलतो. पण मुळं वेगळी आहेत ती आहेतच. तक्रार अरबीतली, फारसीमार्गे आलेली, मूळ अर्थ पुन्हा पुन्हा करणं. मुशायऱ्यात शेर आवडला की 'मुकर्रर' म्हणतात ना, परत होऊ द्या म्हणून, तो त्याच धातूचा. हिंदी-उर्दूत तकरार म्हणजे वादावादी, आपल्याकडे मात्र ती अर्जात आणि रजिस्टरात जाऊन बसली. तक्रार नोंदवता येते, तिला नंबर मिळतो. गाऱ्हाणं कोणी नोंदवत नाही, ते कोणाच्या तरी कानावर घालायचं असतं आणि ऐकणारं माणूस आपलं लागतं, म्हणून तर गौळणी कृष्णाचं गाऱ्हाणं घेऊन यशोदेच्याच दारात जातात.

आता दुसरा मुद्दा, इथे मात्र मी माघार घेणार नाही. गाऱ्हाणं ज्या संस्कृत धातूतून आलं तो गर्ह्, म्हणजे दोष देणं, 'गर्हणीय' त्यातलाच. पण दोष दुसऱ्यालाच द्यायचा असं कुठाय? जैनांच्या प्रतिक्रमणात, म्हणजे आपल्या चुका कबूल करण्याच्या विधीत, 'निंदामि गरिहामि' येतं, त्यात निंदा आपल्या मनाशी आणि गर्हा गुरूसमोर, दोन्हीकडे दोष स्वतःचाच.

आणि आता कोकणातलं गाऱ्हाणं आठवा. आजोळी देवळात मामा नारळ ठेवून गप्प उभा होता, भावाशी बांधावरून बोलणं बंद होतं त्याचं, आणि त्याच्या वतीने गावकर, म्हणजे गावचे मानकरी, मोठ्या आवाजात बोलत होते, 'बा देवा म्हाराजा', मागून सगळे 'व्हय म्हाराजा'. आधी काय आलं, तर 'ह्या लेकराच्या हातसून काय चुकला-माकला आसात तर पदरात घे', आणि मग कुठे 'जो कोण वाकडा करीत आसात' त्याचं. आधी आपली चूक, मग आपल्यावरचा अन्याय, दोन्ही एकाच दमात, चारचौघांसमोर. मामाने स्वतः तोंडातून एक शब्द काढला नाही, पण 'व्हय म्हाराजा' म्हणताना त्याचा आवाज फुटला, ते मला अजून ऐकू येतं. याला नुसती प्रार्थना म्हणायला माझं मन धजत नाही.

तुम्ही स्वतः तळकोकणातले आहात असं लिहिलंय, तर तुमच्या गावच्या गाऱ्हाण्याचे शब्द जमेल तसे इथे टाका ना, मालवणीतच टाका.