‘पैसे पाण्यात गेले’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला मालवणहून उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार दिलात, तुमचा हक्क आहे, पण तो रिव्ह्यू वाचून लोक फोन करून विचारायला लागलेत म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितो. तुमची तक्रार थोडक्यात अशी की मिस्टरांना स्कूबा डाईव्हिंगला (सिलिंडर लावून समुद्राखाली) ऐनवेळी उतरू दिलं नाही, आठला बोलावून दहापर्यंत किनाऱ्यावर बसवलं, पाणी गढूळ होतं, दिरांना पाच मिनिटांत वर आणलं, फोटोतल्यासारखं रंगीत कोरल (प्रवाळ) दिसलं नाही आणि शेजारच्या बोटवाल्यांनी बिस्किटं टाकून मासे गोळा केले तसे आम्ही केले नाहीत.

आधी मिस्टरांचं. त्यांनी फॉर्मवर सर्दी ‘नाही’ लिहिलं होतं, पण बोलायला लागले तेव्हा ‘मी’ म्हणताना ‘बी’ ऐकू येत होतं. मग म्हणाले गोळी घेतलीय, आता मोकळं आहे. ताई, त्या गोळीचीच तर भीती असते. खाली जाताना नाक दाबून हवा कानात ढकलावी लागते, १० मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो आणि खरा त्रास पहिल्या चार-पाच मीटरलाच होतो. गोळीच्या जोरावर माणूस उतरतो पण, आणि खाली असताना गोळीचा असर संपला की आत अडकलेली हवा वर येताना फुगते, बाहेर निघायला वाट नाही. कान दुखला तर खाली थांबूही शकत नाही कारण सिलिंडरमधली हवा संपणार, आणि वर यावं तर कान फुटायची भीती. त्यांचे पैसे त्याच दिवशी परत केलेत, ते तुम्ही लिहिलं नाहीत. उद्या पुन्हा कोणी चोंदलेल्या नाकाने आलं तरी मी हेच करणार.

आता दोन तासांचं. तुम्ही पाडव्याच्या आदल्या दिवशी आलात, म्हणजे अमावस्या, म्हणजे उधाण. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते, अमावस्येचे पंधरा धरले तर सव्वाअकराच्या आसपास. सकाळी आठला पाणी अजून चढत असतं, उधाणाला ओढ जास्त, तळाची वाळू उठलेली, नवीन माणसाला त्यात कशाला टाकायचं. भरती पूर्ण होत आली की बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि ओढही मंदावते, म्हणून दहाला बोट सोडली. तुम्हाला हवी होती ती दुपारी दोनची बॅच मी मुद्दाम दिली नाही, तोपर्यंत ओहोटी लागून खाडीचं पाणी बाहेर पडायला लागतं आणि वारापण सुटतो. आठला बोलावलं ते फॉर्म, ब्रीफिंग आणि कमरेएवढ्या पाण्यात तोंडाने श्वास घ्यायची प्रॅक्टिस यासाठी, चहा प्यायला नव्हे (चहा तरी दिला होता).

तुम्हाला मुळात रविवार पाहिजे होता आणि त्याच संध्याकाळी गोव्याच्या मोपावरून फ्लाईट. तेव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं होतं की एका डाईव्हनंतर निदान १२ तास आणि दोन-तीन केल्या तर १८ तास विमानात बसायचं नाही, दाबाखाली श्वास घेतल्यावर नायट्रोजन अंगात विरघळतो तो हळूहळू बाहेर पडावा लागतो, आणि वर विमानात दाब अजून कमी. म्हणून शनिवार ठरला. पुढचा आठवडा घ्या, अष्टमी-नवमीला भांग असतो (उधाणाच्या उलट, भरती-ओहोटी कमी), पाणी शांत असतं, हेही लिहिलं होतं, पण तुमची सुट्टी तेवढीच होती, समजू शकतो.

दिरांचं खरं सांगू का, त्यांनी खाली अंगठा वर केला. डाईव्हिंगमध्ये अंगठा वर म्हणजे ‘मला वर घेऊन चला’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा, हे ब्रीफिंगमध्ये करून दाखवलं होतं तेव्हा भाऊ बोटीचं रील काढत होते. आमच्या पोराने वर आणून विचारलं, ते म्हणाले अरे मस्त वाटतंय म्हणून केलं, मग परत खाली नेलं. परत खाली गेल्यावर कॅमेऱ्याकडे बघून पुन्हा अंगठा! व्हिडिओमध्ये दोन्ही वेळा स्पष्ट दिसतंय, घरी सगळ्यांनी मिळून बघा.

कोरलबद्दल. मालवणचं कोरल अंदमानसारखं नाही आणि आम्ही तसं कधी म्हटलेलं नाही. इथे खाड्यांचा गाळ येतो, पावसाळ्यात सगळं ढवळून निघतं, त्यातही टिकतं ते बहुतेक गोळ्यासारखं दगडी कोरल, वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढणारं. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी नाहीसा होतो, पाच-सहा मीटरवर डोळ्याला सगळं हिरवट-करडंच दिसतं, फोटोत रंग येतात ते लाईट मारल्यामुळे. तुमच्या मुलीला हे बरोबर कळलं, ती एकाच गोळ्यावर टॉर्च धरून बघत बसली होती आणि वर आल्यावर म्हणाली काका, त्याला बारीक बारीक तोंडं आहेत. हजारो असतात, जिवंत असतं ते. म्हणूनच त्यावर उभं राहून फोटो काढू दिला नाही. तुटलेला तुकडा बॅगेत ठेवायला दिला नाही त्याचं कारण वेगळं, हे दगडी कोरल वन्यजीव कायद्यात वाघाबरोबर पहिल्या परिशिष्टात आहे, आणि हा किल्ल्याजवळचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

बिस्किटं आम्ही टाकत नाही, टाकणारही नाही. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे मैद्याच्या मागे लागले की शेवाळ कोरलवर चढतं. व्हिडिओत मासे कमी दिसतात, मान्य, धंद्याला तोटा होतो तोही मान्य.

मिस्टरांना दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घेऊन या, तारीख ठरवायच्या आधी मला तिथी विचारा, त्यांना याच वर्षीचा रेट लावतो. व्हिडिओची लिंक परत पाठवलीय, या वेळी दिरांच्या नंबरवर, तुमच्या फोनमध्ये जागा नाही म्हणून डाऊनलोड होत नव्हता ना.