घरी काडतूस भरायचं? आपल्याकडं नाही
डेझर्ट ईगल या दणकट पिस्तुलाबद्दलचा एक लेख वाचला. त्यातला अमेरिकन गडी त्याची .४४ मॅग्नम (जाड, जोरकस) काडतुसं घरीच भरतो म्हणे, म्हणजे रिकाम्या पुंगळीत पुन्हा दारू आणि गोळी बसवतो. वाचायला भारी, पण भावांनो, इथं परवान्यावर तयार काडतुसं मिळतात तीही मोजून. विनापरवाना भरत बसलात तर १९५९ चा शस्त्र कायदा आहेच.

एक मुद्दा लेखात राहिला. हे पिस्तूल आपोआप भरणाऱ्या बऱ्याच रायफलींसारखं, दारू जळून होणाऱ्या वायूच्या दाबावर चालतं. म्हणून उघड्या शिशाची गोळी चालत नाही, वर तांब्याचं कवच असलेली लागते. नाहीतर शिसं बसून वायूचं बारीक छिद्र बुजतं. रिव्हॉल्व्हरला ही भानगड नाही.

आमच्याकडं आजोबांची बारा बोअरची छऱ्याची बंदूक आहे, निवडणूक आली की ठाण्यात जमा! आणि आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मारलं ते .२२ च्या पिस्तुलावर. डेझर्ट ईगलचं हे २ किलोचं धूड कुणाला पेलायचंय?